नोकरी सोडून नाटक करायचंय? आधी सोमवार ते शुक्रवारचं बोलू

ज्यांनी हा प्रश्न विचारलाय त्यांची परिस्थिती थोडक्यात सांगते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वय ३६. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या हुद्द्यावर. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा केली, पुढे हौशी संस्थेकडून राज्य नाट्यस्पर्धेत सातत्यानं कामं केली, अभिनयाचं एक बक्षीसही मिळालं. पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत, घराच्या कर्जाचे हप्ते चालू. राजीनामा लिहून तयार आहे. विचारणं तीन गोष्टींचं आहे: राजीनामा द्यावा का, शिकायला कुठे जावं, आणि उशीर झालाय का.

मी स्वतः बँकेतली नोकरी सोडून व्यावसायिक रंगभूमीवर आले. आधी अभिनय केला, आता जास्त करून दिग्दर्शन करते आणि नटांना आवाजाचं शिकवते. त्यामुळे नोकरीतून नाटकात येणारी माणसं माझ्याकडे सतत येत असतात. त्यांना जे समोर बसवून सांगते तेच इथे लिहिते.

राजीनामा आज देऊ नका. याचं कारण तुम्हाला वाटतं तसं पैसा नाही. पैशाकडे नंतर येऊ. आधी तुम्ही एक काम करा. येत्या शनिवारच्या वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान काढा आणि कुठल्या नाटकाचे प्रयोग कुठल्या वारी आहेत ते पेन्सिलीनं लिहून काढा. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, गडकरी रंगायतन, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, पुण्यात बालगंधर्व आणि कोथरूडचं यशवंतराव. बहुतेक सगळं शनिवार-रविवारी दिसेल. एखादा प्रयोग शुक्रवारी रात्री, एखादा सुट्टीच्या दिवशी. मंगळवारच्या रांगेत जवळपास काही नसेल. म्हणजे आजचं व्यावसायिक मराठी नाटक हे शनिवार-रविवारचं काम आहे, आणि ते दोन दिवस तर तुमच्याकडे आत्ताही मोकळेच आहेत. राजीनामा देऊन तुम्हाला जे मिळणार आहे ते म्हणजे सोमवार ते शुक्रवार. त्या पाच दिवसांत तुम्ही काय करणार, याचं उत्तर तुमच्या पत्रात कुठेही नाही. माझ्यासाठी सगळा प्रश्न तिथेच आहे.

हे असं का झालं, तेही सांगते. संगीत नाटकांच्या काळात नट नाटक मंडळीत पगारावर असायचा. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली, तशा आणखीही होत्या. मंडळीचं बिऱ्हाड गावोगाव फिरायचं, तालीम, जेवण, मुक्काम सगळं मंडळीकडे. नट ही अक्षरशः नोकरी होती. १९३० नंतर बोलपट आले, मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या आणि पगारी नट संपला. पुढे व्यावसायिक रंगभूमी पुन्हा उभी राहिली ती ‘नाईट’वर, म्हणजे प्रयोगागणिक मानधनावर. प्रयोग झाला तर पाकीट, नाही झाला तर काही नाही. तरीही साठ-सत्तरच्या दशकांत आठवड्याच्या मधल्या दिवशी प्रयोग लागायचे, विदर्भ-मराठवाड्याचे लांबलचक दौरे निघायचे, कोकणात, गोव्यात आठ-आठ दिवस मुक्काम पडायचा. तेव्हा नोकरी सांभाळून व्यावसायिक नाटक करणं खरोखर कठीण होतं. माणसं सोडत होती ती त्यामुळे.

डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण प्रत्येक जण देतो, तुम्हीही दिलंय. पण ते अर्धवट सांगितलं जातं. कान-नाक-घशाचा सर्जन, पुण्यात प्रॅक्टिस, काही काळ टांझानियातल्या टबोऱ्याला, आणि मग १९६९ साली सगळं सोडून पूर्ण वेळ नट. १९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’. एवढं ऐकलं की वाटतं, एका दिवशी उठले आणि उडी मारली. प्रत्यक्षात सोडलं तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते आणि मधली अनेक वर्षं प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, भालबा केळकरांच्या त्या पीडीएमध्ये, नट म्हणून घासून निघालेले होते. हौशी संस्था म्हणायची, पण काम पूर्ण शिस्तीचं. दवाखाना बंद केला तेव्हा नट तयार होता, फक्त दिवसाचे तास अडकलेले होते. शिवाय हातात वैद्यकीय पदवी होती, जी कोणी काढून घेणार नव्हतं. त्यांचं धाडस मी जराही कमी लेखत नाही. पण त्यांच्याकडून शिकायचं असेल तर १९६९ पासून सुरुवात करू नका, त्याच्या आधीची वर्षं बघा.

आणि त्याच संस्थेतली दुसरी माणसंही बघा. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं. नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, ससूनमध्ये काम करणारे. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला प्रॅक्टिस. नाटक विजय तेंडुलकरांचं, पण याच गटातले सतीश आळेकर, स्वतःही नाटककार, बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रात. पुढच्या वर्षी याच मंडळींनी थिएटर अकादमी काढली आणि १९८० मध्ये ते नाटक युरोपात नेलं. मराठी रंगभूमीची दिशा बदलणारं काम नोकऱ्या आणि दवाखाने सांभाळून, संध्याकाळच्या तालमींतून उभं राहिलं. प्रशांत दामलेसुद्धा सुरुवातीला बेस्टमध्ये नोकरीला होते. एके काळी बँका, विमा कंपन्या, गिरण्या, बेस्ट, रेल्वे यांचे नाट्यविभाग असायचे, आंतरबँक स्पर्धा आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा म्हणजे आमच्यासाठी सणच. स्पर्धेसाठी रजा मिळायची. तुमच्या क्षेत्रात ती सोय नाही, हे मला मान्य आहे. रात्री अमेरिकेशी कॉल असेल तर सात वाजताच्या तालमीला पोचता येत नाही. पण मग प्रश्न ‘नोकरी की नाटक’ इतका मोठा राहत नाही. संध्याकाळ मोकळी देणारी दुसरी नोकरी, कमी पगाराची का असेना, मिळते का, हा प्रश्न आधी सोडवून बघा. माझ्या ओळखीत हा मधला रस्ता निवडलेले बरेच नट आहेत आणि त्यांची कामं उत्तम आहेत.

आता पैसा. तुमचा अंदाज आहे की ‘दोन-तीन नाटकं हातात असली की भागेल’. हिशेब मांडून बघू. आकडा केवळ हिशेबापुरता धरतेय, कारण संस्था, भूमिका आणि नाव यानुसार नाईट फार वेगवेगळी असते. समजा नवीन नटाची नाईट २,००० रुपये. नाटक बरं चाललंय, महिन्याला १० प्रयोग. झाले २०,०००. पण वर्षाचे बारा महिने असे जात नाहीत. परीक्षांचे दिवस मंद, गणपतीत मंद, निवडणुका आल्या की नाट्यगृहं सभांना जातात, प्रमुख नट मालिकेत किंवा सिनेमात अडकला की प्रयोग थांबतात. आठ महिने धरा. वर्षाला १,६०,०००. आणि हे नाटक चाललं तर. नवीन नाटकाच्या तालमी महिना-दीड महिना चालतात, त्या काळात बहुतेक ठिकाणी चहा-वडा आणि फार तर प्रवासखर्च मिळतो. दीड महिना तालीम करून पंधरा प्रयोगांत नाटक बंद पडलं, असं घडतं आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. प्रायोगिकमध्ये तर नाईट हा विषय बहुतेकदा काढायचाच नसतो.

म्हणून पूर्ण वेळ नट म्हणवणारे बहुतेक जण प्रत्यक्षात मालिका, डबिंग, जाहिराती, कार्यक्रमांचं निवेदन, मुलांची शिबिरं यांवर जगतात आणि नाटक करतात. त्यात कमीपणा नाही. पण हे आधी माहीत असावं. मालिकेचे पैसे काम झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी येतात, त्यामुळे काम असूनही खिसा रिकामा, अशी अवस्था सुरुवातीला हमखास येते. आणि मालिका सुरू झाली की ती नाटकाचे शनिवार-रविवारही मागते. हिंजवडी सोडून मालिकेच्या सेटवर तेरा तास बसायचं असेल, तर तुम्ही नोकरी बदलली, नाटकात आला नाहीत.

पोट कशावर आणि नाटक कशासाठी, हे वेगळं ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सिंधुदुर्गातले दशावतारी नट जत्रांचा हंगाम संपला की पावसाळ्यात शेतात असतात. झाडीपट्टीत, गडचिरोलीच्या वडशाला केंद्र धरून, दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. प्रेक्षक तिकीट काढून हजारोंनी येतात आणि हंगाम संपला की कलाकार आपापल्या उद्योगाला लागतात. पुण्या-मुंबईचे आपण ‘पूर्ण वेळ’ या गोष्टीला फार चिकटून बसतो.

मग सोडायची कधी? माझ्या मते नोकरी तेव्हा सोडावी जेव्हा ती एखादं ठरावीक, नाव घेऊन सांगता येणारं काम अडवते. उदाहरण देते. व्यावसायिक नाटकात नवीन माणसाचा शिरकाव बऱ्याचदा रिप्लेसमेंटनं होतो. चालू नाटकातला नट मालिका मिळाली म्हणून बाहेर पडतो. रविवारचे दोन प्रयोग विकले गेलेले असतात. व्यवस्थापक मंगळवारी फोन करतो, “चार दिवस आहेत. संहिता आणि व्हिडिओ पाठवतो. उद्या दुपारी तालमीला येता का? तारखा आहेत ना?” त्या फोनवर हो म्हणणाऱ्याला भूमिका मिळते. ऑफिसात स्प्रिंटचा, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्याचा, शेवट आहे म्हणून ज्याला नाही म्हणावं लागतं, त्याला पुढच्या वेळी फोन येत नाही. असे फोन तुम्हाला येऊ लागले असतील, आणि नोकरीमुळे एकदा, दोनदा, तीनदा नकार द्यावा लागला असेल, तर नोकरीनं तुम्हाला खरंच अडवलंय. मग सोडण्याचा विचार करा. तुमच्या पत्रावरून तरी असा फोन अजून आलेला दिसत नाही. तो यावा यासाठी काय करायचं, ते नोकरीत राहूनच करता येतं. प्रायोगिकमध्ये कामं धरा. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो, तिथे खोटं लपत नाही. दिग्दर्शक, व्यवस्थापक, प्रकाशयोजनाकार प्रायोगिक बघायला येतात. स्पर्धेतलं बक्षीस पुढच्या वर्षी विसरलं जातं. पण ‘हा माणूस वेळेवर येतो, पाठांतर चोख, सोबतच्याला सांभाळून घेतो’ हे या धंद्यात फार लवकर पसरतं आणि फार दिवस टिकतं.

राजीनाम्यापूर्वी बिनपगारी रजा मिळते का बघा. मोठ्या कंपन्यांत तशी तरतूद अनेकदा असते, लोक विचारत नाहीत इतकंच. मिळाली तर त्या काळात नाटकाचा आठवडा जगून पाहायचा. सकाळी आवाज आणि शरीर, दुपारी वाचन आणि पाठांतर, संध्याकाळी तालीम किंवा दुसऱ्याचं नाटक बघणं. काम हातात नसताना हा दिनक्रम महिनाभर टिकला, तर सोमवार ते शुक्रवार तुमचे झाले. दुसऱ्या आठवड्यात दुपारची झोप आणि मोबाईल सुरू झाला, तर राजीनामा देऊनही तेच होणार आहे.

आता आवाजाबद्दल, कारण हे माझं क्षेत्र आहे आणि तुमच्यासारख्यांच्या बाबतीत काम इथेच सगळ्यात जास्त असतं. वर्षानुवर्षं कानाला हेडफोन आणि तोंडाजवळ माइक लावून बोलणाऱ्या माणसाचा श्वास वरच्या छातीत अडकतो आणि वाक्याचा शेवट खाली पडतो. कॉलवर ते चालतं, कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो आणि माइक सगळं उचलतो. रंगमंचावर हाच दोष जीवघेणा आहे, आणि मराठीत तर फारच. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. माझ्याकडे तालमीला आलेल्या एका गृहस्थांचं वाक्य होतं, “काही झालं तरी मी या घरातून जाणार नाही.” भावना खरी, चेहरा बरोबर, डोळ्यांत पाणी. मी त्यांच्या मित्राला बाल्कनीत बसवलं आणि विचारलं, काय ऐकू आलं? तो म्हणाला, “ते घर सोडून चाललेत ना?” शेवटचं ‘नाही’ त्यांच्या शर्टाच्या खिशात पडलं होतं. पुढच्या रांगांसाठी प्रवेश एक, मागच्यांसाठी बरोबर उलटा.

यावर उपाय ओरडणं नव्हे. जोर वाढवला की पहिला शब्द मोठा होतो आणि शेवट आणखीच पडतो. आम्ही असं करतो: उभं राहायचं, वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघे ताठ नकोत. वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्यायचा, मुद्दाम लांब वाक्यांचा. वाक्य आधी डोळ्यांनी संपवायचं, मग पोटापर्यंत श्वास घ्यायचा आणि समोरच्या भिंतीवर एक जागा धरून बोलायचं. लक्ष फक्त शेवटच्या दोन शब्दांवर. ते भिंतीला लागले पाहिजेत, पण आवाज चढता कामा नये. श्वास कमी पडला तर वाक्य मध्ये तोडायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी एवढं मन लावून केलं तर सहा महिन्यांत फरक दुसऱ्याला ऐकू येतो. हे करायला राजीनामा लागत नाही, शेजाऱ्यांची थोडी सहनशक्ती लागते. जोडीला रविवारी दोन प्रयोग करण्याची ताकद कमवावी लागते. दुपारचा प्रयोग कल्याणला, रात्रीचा मुलुंडला, मधे बसमध्येच जेवण. दुसऱ्या प्रयोगाच्या प्रेक्षकानं तेवढेच पैसे दिलेले असतात, त्याला पहिल्याइतकाच ताजा नट मिळाला पाहिजे. खुर्चीत दहा वर्षं बसलेलं शरीर हे लगेच देत नाही. चालणं, सूर्यनमस्कार, पोहणं, जे जमेल ते आत्तापासून.

शिकायला कुठे जावं? दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला वयाची अट आहे आणि तुम्ही ती ओलांडलीय, तो विषय सोडा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी इथलं शिक्षण चांगलं आहे, पण ते पूर्ण वेळ आहे. म्हणजे दोन वर्षं उत्पन्नाशिवाय. घराचा हप्ता चालू असताना मी ते सुचवणार नाही. वीकेंडच्या कार्यशाळांपैकी निवडक करा. नावाजलेला चेहरा दोन तास अनुभव सांगतो, तसल्या नकोत. जिथे तुम्हाला उभं करून प्रवेश करायला लावतात आणि तो पुन्हा पुन्हा मोडून बांधतात, अशा करा. त्याहून मोठी शाळा म्हणजे चांगल्या दिग्दर्शकाच्या तालमीत पडेल ते काम. प्रॉम्प्टिंग म्हणजे विंगेतून संवाद सुचवणं, प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगातल्या वस्तू सांभाळणं, संगीत नेमक्या क्षणी सुरू करणं. तालमीला रोज हजर असलेल्या प्रॉम्प्टरला सगळं नाटक पाठ होतं, आणि कुणी आजारी पडलं की नजर आधी त्याच्याकडे वळते.

घराबद्दल. तुमच्या इतक्या मोठ्या पत्रात पत्नीचं मत काय आहे, याची एक ओळ नाही. त्यांना पत्र दाखवलं नसेल तर दाखवा. पैशाचा भार त्यांच्या पगारावर येणार, हे तर उघड आहे. पण त्याहून रोजची एक अडचण आहे, जी आधी कोणाच्या लक्षात येत नाही. त्या शिक्षिका, मुलगी शाळेत, दोघींना सुट्टी शनिवार-रविवारी. नाटकाचं काम नेमकं त्याच दिवशी. सणाला, लग्नसराईत, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही प्रयोगाला. तुम्हा तिघांना एकत्र मिळणारा वेळच तुम्ही देऊन टाकताय. त्याच्या बदल्यात मुलीला शाळेतून आणणं, तिचा अभ्यास, घरचा स्वयंपाक हे आठवड्याचे पाच दिवस तुमच्याकडे घ्या, आणि हे आधीच ठरवून घ्या. बाईनं नोकरी सोडून नाटकात यायचं म्हटलं की तिला हे प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारले जातात, ‘मुलांकडे कोण बघणार, रात्री दीडला बस कुठे सोडणार’. पुरुषाला कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतेय.

सोडायची वेळ आलीच तर पैशाची तयारी अशी असावी. हप्त्यासकट घरखर्चाचे किमान अठरा महिने बाजूला, आणि ते पीएफला हात न लावता. कर्जाचा काही भाग आधीच फेडून हप्ता कमी करता आला तर फार बरं. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, त्यामुळे स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तिथेच सरू द्या. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे, ती मागून घ्या. नाटकात आल्यावर नाईटचा आकडा पहिल्या तालमीआधी बोलून घ्या आणि निदान मेसेजवर लेखी ठेवा. नवीन माणूस संकोचानं विचारत नाही आणि शुभारंभाच्या प्रयोगानंतर विचारणं फार अवघड जातं. निर्मात्यानं टीडीएस कापला तर विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत येत नाही, हेही अनेक नटांना उशिरा कळतं.

शेवटचा प्रश्न वयाचा. ३६ म्हणजे उशीर, ही भीती काढून टाका. एकांकिका स्पर्धांमधून दर वर्षी विशीतली हुशार, चपळ मुलं-मुली बाहेर पडतात आणि त्या वयाच्या भूमिकांसाठी रांग लागलेली असते. पस्तिशी ते पन्नाशीतला, स्वच्छ मराठी बोलणारा, घर चालवलेला, ऑफिसात वरिष्ठांसमोर मान खाली घालून उभा राहिलेला माणूस दिग्दर्शकाला सहज सापडत नाही. पात्रयोजनेला बसले की याच भूमिकांपाशी मी अडते. नवरा, मोठा भाऊ, वकील, सोसायटीचा सेक्रेटरी, निवृत्तीला आलेला कारकून. मग पंचवीस वर्षांच्या मुलाच्या केसांना पांढरं लावून वेळ मारून न्यावी लागते आणि प्रेक्षकांना ते दिसतं. तुमच्या वयाला मागणी आहे आणि पुढची दहा-पंधरा वर्षं ती वाढतच जाईल. त्यामुळे घाई करण्याचं कारण उरत नाही. या दिवाळीनंतरची स्पर्धा नेहमीप्रमाणे करा, त्याच वर्षात एक प्रायोगिक नाटक धरा, आवाजाचा सराव सुरू करा, आणि वर्षभरात रिप्लेसमेंटसाठी किंवा नव्या नाटकासाठी किती फोन आले ते लिहून ठेवा. ती यादी आणि घरखर्चाचा तक्ता घेऊन पत्नीसोबत बसा. राजीनाम्याची तारीख तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून ठरवा.